कॅल्शियम कोणाच्या हृदयात?

आजारपणावर लिहिणारी माणसं सुरुवातीलाच सांगून टाकतात, मला अमुक झालं आणि मी तमुक केलं. माझी पंचाईत अशी, की आम्हा दोघांपैकी आजारी कोण, इथेच आमचं घोडं अडलेलं होतं. मशीन एक सांगत होतं, घर दुसरं सांगत होतं, आणि मी दोघांवरही विश्वास ठेवायला तयार नव्हते.

विश्वास न ठेवणं हा माझा स्वभावच. सगळी नोकरी रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन आणि समोर ट्रंक कॉलची रांग. माणूस "सगळं ठीक आहे" म्हणतो तेव्हा ते किती ठीक आहे, हे आवाजावरून ओळखायची सवय लागली ती लागलीच. माझी मुलगी विद्या म्हणते, आई, तू देवळात नमस्कार करतानासुद्धा एक डोळा उघडा ठेवतेस. ठेवते. चपला जातात.

ह्यांचं हृदय

आमच्या घरात हृदय म्हटलं की ते पुरुषांचं. माझे सासरे, अप्पा, हृदयाने गेले, थोरले दीर हृदयाने गेले. सासऱ्यांना तर डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं की हृदय फार मोठं झालंय, सांभाळा. ते घरी आले, अंथरूण धरलं आणि आठ दिवसांत गेले. रोगाने गेले असतील, पण सासूबाईंनी कायम सांगितलं की सांगितल्यामुळे गेले. तेव्हापासून घरचा नियम झाला, पेशंटला काही म्हणजे काही सांगायचं नाही. दिरांना आम्ही सगळे शेवटपर्यंत गॅसेस आहेत असंच सांगत होतो.

ह्यांनी पन्नाशी ओलांडली आणि कोणी न ठरवता हे घरातले हृदयरोगी ठरले. दुखणं म्हणाल तर काही नाही. पण ह्यांनी घागर उचलायची नाही, गॅसचा सिलिंडर हलवायचा नाही, बाजारातून पिशवी आणायची नाही. आमचं घर चढावर, रस्त्यापासून चिऱ्याच्या पायऱ्या चढून यावं लागतं. त्या पायऱ्या माझ्या. विहिरीवर पंप आहे, पण त्या वर्षांत लाइट असायची कमी आणि जायची जास्त, म्हणून रहाटही माझा. ह्यांचा कार्डिओग्राम दर वर्षी स्वच्छ यायचा आणि तो स्वच्छ आला की ह्यांचा चेहरा पडायचा. हृदयात काही नाही म्हणजे मशीनला सापडत नाही, असं ह्यांचं मत. मलाही मनातून वाटायचं, काहीतरी असणारच. बापाचं आणि भावाचं जे झालं ते ह्यांना सोडेल कसं?

जोडीची तपासणी

विद्या कोल्हापुरात राहते. जावईबापूंना नवीन गोष्टींचा भारी उत्साह. तिकडे एका तपासणी केंद्रात नवं सीटी स्कॅन आलं होतं. धडधडणाऱ्या हृदयाचा फोटो काढतं आणि त्याच्या रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियम किती साचलंय ते आकड्यात सांगतं. आकडा मोठा म्हणजे धोका मोठा. उद्घाटनानिमित्त नवरा-बायको दोघांची मिळून तपासणी, अशी काहीतरी योजना होती. मी म्हटलं, हे साबणावर साबण फुकट देण्यातलं दिसतंय. माझं कोण ऐकतो. ह्यांच्या हृदयासाठी आम्ही एस.टी.ने आंबा घाट चढून गेलो. मी आपली योजनेत बसावं म्हणून.

केंद्रात गेल्या गेल्या थंडीने दात वाजायला लागले. एका गोड मुलीने मला मंगळसूत्र काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं. मी ते ट्रेमध्ये न ठेवता विद्याच्या हातात दिलं. मशीन म्हणजे जात्याचा भलामोठा दगड उभा केल्यासारखं, मधे भोक. छातीला चिकटपट्ट्या लावल्या, मला आडवं करून त्या भोकात सरकवलं. एक आवाज म्हणाला, श्वास घ्या, धरून ठेवा. मी धरला. मग म्हणाला, सोडा. झालं.

मी त्या मुलीला विचारलं, "झालं? इतक्यात?"

ती म्हणाली, हो मॅडम. मला काही ते पटेना. निवडायला घेतलेल्या गव्हातले खडे दिसायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो, आणि ह्या मशीनने एका श्वासात साठ वर्षांचं हृदय वाचलं? ह्यांनाही आत नेऊन तसंच बाहेर काढलं. हे मात्र बाहेर आले ते एकदम समाधानाने, जणू काही कोणीतरी एकदाचं ह्यांचं ऐकून घेतलं.

पाकिटं आली

रिपोर्ट मागाहून कुरिअरने रत्नागिरीला आले. दोन मोठी पाकिटं, प्रत्येकात कागद आणि काळी फिल्म. ह्यांनी पडवीत बसून उघडली. ह्यांच्या नावाच्या कागदावर शून्य होतं. माझ्या नावाच्या कागदावर चारशेच्या वर आकडा होता आणि खाली लिहिलं होतं, हृदयरोगतज्ज्ञांना त्वरित दाखवावे.

हे चष्मा काढून, पुसून, परत लावून म्हणाले, "अदलाबदल झाली."

मलाही तेच वाटलं. वाटलं काय, बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. दोघांचं आडनाव एक, माझ्या नावात मधे ह्यांचंच नाव. त्या गोड मुलीने घातला असेल इकडचा कागद तिकडे. विद्याला फोन केला, तिलाही तसंच वाटलं. ह्या एका गोष्टीवर आख्खं घर एकमताचं झालं, आणि आमच्या घरात एकमत झालं की मला खरं म्हणजे संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलेले असताना ह्यांनी केंद्राला फोन लावला. मी आल्यावर म्हणाले, "चूक त्यांनी कबूल केली, मोठा आकडा माझाच." हे बोलताना ह्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर होती. आवाज कोरडा पडलेला. एक्स्चेंजमध्ये असते तर म्हटलं असतं, हा माणूस काहीतरी गिळून बोलतोय. पण नवऱ्याच्या हृदयात एवढं मोठं काही निघाल्यावर आवाज कोरडा पडणारच, असं मी स्वतःला समजावलं. फिल्मची पाकिटं ह्यांनी माझ्यासमोर कपाटावर ठेवली. संध्याकाळी बघते तर तिथे नव्हती.

दूध, नाचणी आणि तिसऱ्या

बातमी आळीभर झाली आणि सल्लागार यायला लागले. कॅल्शियम साचलंय म्हणजे दूध बंद करा. नाचणी बंद. पानाला चुना लावायचा नाही. एक बाई तर म्हणाल्या की जन्मभर तिसऱ्या खाल्ल्या, त्यांचे शिंपले जाणार कुठे? मी ह्यांना कोरा चहा द्यायला लागले. हे निमूट प्यायचे. ह्यांनी कधी चहा निमूट प्यायलेला नाही, साखर कमी आहे म्हणतील नाहीतर जास्त आहे म्हणतील. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा पहिल्यांदा.

मग माझी बाटली गेली. गुडघ्यांसाठी मी कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायचे, त्यांची बाटली फडताळात असायची. ती नाहीशी झाली. ह्यांना विचारलं तर म्हणे, उंदराने पाडली, मी टाकून दिली. आता उंदीर फडताळात जाईल, पण बाटलीचं फिरकीचं झाकण उघडून गोळ्या सांडणारा उंदीर मला अजून भेटायचाय. आणि कॅल्शियम साचलंय ह्यांच्या हृदयात, तर टाकायच्या माझ्या गोळ्या कशासाठी?

त्यावर हे मला नव्या गोळ्या आणून देऊ लागले. कागदाच्या पुडीत सुट्ट्या, पाकीट नाही, नाव नाही. गुडघ्यांसाठीच आहेत, विद्याच्या डॉक्टरांनी सांगितल्यात, म्हणाले. एक जेवणानंतर, एक झोपताना. समोर उभे राहून पाणी द्यायचे. बिननावाचं पत्र मी उघडत नाही, बिननावाची गोळी गिळीन होय? जिभेखाली धरायची आणि परसात जाऊन पेरूच्या झाडाखाली थुंकायची, असा माझा क्रम सुरू झाला.

आणि फोन. ह्यांनी फोनची वायर ओढून पडवीपर्यंत नेली आणि विद्याशी हळू आवाजात बोलायला लागले. मी आत आले की एकदम मोठ्याने हवापाण्याचं. चाळीस वर्षांत ह्यांनी विद्याशी हवापाण्यावर बोललेलं मी ऐकलेलं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की. मी डोकं चालवलं आणि मला सापडलं. हे दोघं मिळून घर विकायचं बघतायत. हृदयाचं निमित्त करून आम्हाला कोल्हापूरच्या फ्लॅटमध्ये नेऊन टाकायचं ठरलंय. मी लढाईला तयार झाले. घराची कागदपत्रं माझ्या साड्यांखाली नेऊन ठेवली.

सगळ्यात कहर म्हणजे हे पाणी शेंदायला लागले. एका सकाळी लाइट गेलेली, मी घागर घेऊन विहिरीवर जाते तर हे रहाटावर. मी ओरडले, अहो, हृदय! हे म्हणाले, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. चारशेच्या वर आकडा असलेल्या माणसाला विहिरीचं पाणी शेंदायला सांगणारा डॉक्टर मला बघायचाच होता. मग बाजाराची पिशवीही ह्यांनी घेतली. मी भांडून परत घेतली. हे मरायला टेकलेत आणि मला कळू नये म्हणून जोर दाखवतायत, असंही एकदा मनात आलं. त्या दिवशी आमटीत मीठच घातलं नाही मी, आणि तेही हे निमूट जेवले.

पायऱ्या

आता माझं सांगते. जबड्यात दुखायचं. दात नव्हे, जबडा, आणि तिथून डावा खांदा. पायऱ्या चढताना छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं आणि वर येऊन बसलं की जायचं. हे महिनोन्महिने चालू होतं. मी त्याला पित्त म्हणायचे. कोकमाचं सरबत प्यायचं, ओवा चावायचा. जगावर संशय घेणारी मी, ह्या दुखण्यावर मात्र कधी घेतला नाही. बाईला छातीत दुखलं तर ते पित्तच असतं, हे मला कोणी शिकवलं ते आठवत नाही.

मांडवीकडून मासळी घेऊन येत होते. निम्म्या पायऱ्यांवर पाटा आला आणि ह्या वेळी उतरेना. घाम फुटला. मी पिशवी ठेवून तिथेच बसले. बाजूच्या घरातल्या हमीदाभाभींनी पाहिलं, पाणी घेऊन धावत आल्या. त्यांचा मुलगा मस्कतला असतो, नवरा तेव्हा बोटीवर होता, सगळी सोय-गैरसोय आम्ही दोघी वाटून घेतो. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या आणि मग म्हणाल्या की मला हे काही समजत नाही वहिनी, भाऊ आजारी म्हणता, ते रोज माझ्यासमोर पाणी शेंदतात आणि दमत नाहीत. तुम्ही धडधाकट म्हणता आणि इथे बसता. मला तर सगळं उलटंच दिसतं.

त्यांनी काही शोध लावायचा म्हणून म्हटलं नव्हतं. पण मला तिथेच, पायरीवर बसल्या बसल्या, बाटली आठवली. माझ्या गोळ्या. पाटा उतरला तरी मी बराच वेळ उठले नाही.

नाना डॉक्टर

दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेल्यावर मी घर उलटंपालटं केलं. फिल्म सापडली कपाटाच्या मागे, ह्यांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली. कागद नव्हता, नुसती एक फिल्म. स्वतःचाच फोटो असता तर ह्यांनी तो माझ्यापासून असा कपाटामागे कशाला लपवला असता? ती घेतली, पुडीतल्या दोन गोळ्या रुमालात बांधल्या आणि देवळात जाते सांगून निघाले.

नाना डॉक्टर आमचे जुने फॅमिली डॉक्टर. माणूस सोन्यासारखा पण लाजाळू इतका, की बाईला तपासायचं तर स्टेथोस्कोप पदरावरूनच लावणार आणि सगळा वेळ भिंतीकडे बघणार. ह्या प्रकरणात त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. विद्याचं म्हणणं, कोल्हापूरचे डॉक्टर असताना नाना कशाला? मी त्यांना फिल्म दिली. त्यांनी ती खिडकीशी धरली आणि विचारलं, कोणाची?

म्हटलं, ह्यांची.

नानांनी फिल्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग भिंतीकडे पाहायला लागले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तसेच आत गेले आणि बायकोला घेऊन आले. त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. नानी फिल्म धरून बघतायत तो त्यांना हसू फुटलं. मग माझ्या तोंडाकडे बघून ते थांबलं.

"अगो," त्या हळूच म्हणाल्या, "हा फोटो बाईचा आहे. छाती आडवी कापल्यासारखा फोटो असतो हा. दोन्ही बाजूंनी बघ ना. दिसतंय की."

दिसत होतं. कोणालाही दिसलं असतं. घरभर एवढी चर्चा झाली, आकड्यावर, दुधावर, शिंपल्यांवर. फिल्म उजेडात धरायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, निदान मला तरी तसं वाटत होतं. मधोमध हृदय होतं आणि त्यात पांढरेशुभ्र ठिपके, रांगोळीचे टाकल्यासारखे. मी त्यांच्याकडे बघत बसले. हे माझे.

नाना परत आले तेव्हा मी रुमाल सोडला. त्यांनी गोळ्या ओळखल्या. एक रक्त पातळ ठेवायची, दुसरी रक्तातल्या चरबीची. हृदयाच्या आहेत, म्हणाले, आणि अगदी बरोबर आहेत, किती दिवस घेताय?

म्हटलं, "मी नाही. आमचा पेरू घेतोय."

नाना जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. मग जबडा, खांदा, पायऱ्या, सगळं विचारून घेतलं, कार्डिओग्राम काढला आणि लगेच कोल्हापूर गाठायला सांगितलं. दुधाचं विचारलं तर म्हणाले, दुधाचा ह्याच्याशी संबंध नाही. वाहिनीच्या आत चरबीच्या जखमा होतात, जुन्या झाल्या की त्यात कॅल्शियम धरतं, ते मशीनला दिसतं. म्हणजे हे कालचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. मला एकीकडे भीती वाटत होती आणि दुसरीकडे एवढंच कळत होतं की त्या मशीनने मला पहिल्या दिवशीच खरं सांगितलं होतं. खोटं घरातून आलं.

विहिरीवर

नानांनी रिक्षा करून दिली आणि रिक्षावाल्याला हाताला धरून वर सोडायला सांगितलं. हे विहिरीवर होते. मी कठड्यावर बसले आणि फिल्म मांडीवर ठेवली. ह्यांनी ती पाहिली आणि हातातला दोर सोडून दिला. कळशी धाडकन खाली गेली.

हे आपणहून बोलायला लागले. केंद्राने फोनवर सांगितलं होतं की अदलाबदल वगैरे काही नाही, शंका असेल तर फिल्म बघा, बाई-पुरुष लगेच कळेल. ह्यांनी खिडकीशी धरून पाहिली. मग विद्याला फोन केला. तिने ओळखीच्या डॉक्टरांकडून गोळ्या घेतल्या, मोठ्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली. ठरलं असं होतं, की ह्यांची अँजिओग्राफी आहे म्हणून मला सोबत न्यायचं आणि तिथे गेल्यावर माझी करायची. मला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही.

मला जो राग आला तो मरणाच्या भीतीपेक्षा मोठा होता. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझं हृदय, आणि माझ्या पाठीमागे त्याची सोय लावतायत, एखादी म्हैस गुरांच्या डॉक्टरकडे न्यावी तशी! मी त्या गोळ्या थुंकत होते, हे ऐकल्यावर ह्यांनी डोकं धरलं. मी पायरीवर मेले असते ना, म्हटलं, तुमच्या ह्या न सांगण्याने.

"अप्पांना सांगितलं आणि आठ दिवसांत गेले," हे म्हणाले. "तुला सांगितलं असतं आणि तू गेली असतीस तर? म्हटलं, तो आकडा माझ्या नावावर राहू दे. मला पेशंट असायची सवय आहे."

ह्यावर दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मला संशय आला. मी सरळ विचारलं, की हे सगळं माझ्यासाठी केलं, की मी आजारी पडले तर तुमचं कोण करणार म्हणून?

हे वाकून विहिरीत सुटलेला दोर शोधायला लागले. मग म्हणाले, "दोन्ही."

आवाज कोरडा नव्हता. एक्स्चेंजमधल्या सगळ्या वर्षांवर हात ठेवून सांगते, तो माणूस खरं बोलत होता. मी उठले, आत गेले आणि पुडीतल्या दोन्ही गोळ्या ह्यांच्यासमोर पाण्याबरोबर गिळल्या.

कोल्हापूर

दुसऱ्याच दिवशी गाडी करून निघालो. विद्या दवाखान्याच्या दारातच उभी होती, मी तिच्याशी बोलले नाही. ती रडली, मग मीही रडले, मग तिने माझी वेणी घातली आणि ते मिटलं.

दवाखान्याचं काय सांगू? पहाटे रक्त, मग न्याहारी, मग कोणीतरी येऊन तेच प्रश्न विचारणार. फॉर्मवर नाव घ्यायला आलेल्याने ह्यांनाच विचारलं, पेशंट तुम्हीच ना? बाजूच्या खाटेवर इचलकरंजीची एक बाई होती. तिचंही पित्तच होतं, पाच वर्षं. आम्ही दोघी आडव्या पडून आमच्या पित्तांवर हसायचो. इतकं हसायचो की सिस्टर दटावायच्या, आणि नंतर शांत झाल्यावर दोघी छताकडे बघत राहायचो. ती बाई माझ्या आधी घरी गेली, चालत गेली. तिला जाताना बघून मला जो धीर आला तो कोणत्या डॉक्टरने दिला नाही. पेज गरम मिळायची. एक सिस्टर हाताला कुठे टोचणार ते आधी सांगायची आणि मगच टोचायची. तिचं सगळं मी मुकाट ऐकायचे.

आज मी हृदयाच्या वाहिन्यांत दोन स्प्रिंगा, म्हणजे स्टेंट, घालून बरी आहे, पायऱ्या सावकाश चढते, म्हणून हे सगळं हसत लिहितेय. ज्यांच्या हातात असा रिपोर्ट आला असेल त्यांना, विशेषतः बायांना, माझं सांगणं एवढंच, की कागदावर तुमचं नाव असेल तर ते तुमचंच आहे असं आधी धरून चाला. आणि घरातल्यांनो, लपवू नका. लपवलेलं औषध पेरूला जातं.

अँजिओग्राफी झाली त्या दुपारची गोष्ट सांगून थांबते. मनगटाला पट्टी बांधून मला खुर्चीत बसवलं होतं. हे बाजूला. मोठे डॉक्टर आले, तरुण होते, हातात कागद. माझ्याकडे बघून गोड हसले. मग ह्यांना म्हणाले, काका, तुम्ही जरा बाहेर येता का? काकूंना आराम करू दे.

बाहेर बोलावतात म्हणजे काय असतं ते मला ठाऊक होतं. दिरांच्या वेळी मीच बाहेर जाऊन ऐकून आले होते आणि आत येऊन गॅसेस म्हणाले होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीतून अर्धे उठले होते. मला वाटलं, संपलं, आता हे बाहेर जाणार, आणि परत येतील तेव्हा भिंतीकडे बघत काहीतरी सांगतील.

हे परत खाली बसले. दोन्ही हात ह्यांनी गुडघ्यांमध्ये दाबून धरले.

"नको," हे डॉक्टरांना म्हणाले. "जे काही असेल ते तिला सांगा. मी ऐकतो बाजूला बसून."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसले.